शीव ते ठाणे, जुन्या आग्रा रोडने: बाबांना घेऊन निवांत जायचंय

कुर्ल्याची लेक:
बाबा ७४ वर्षांचे आहेत. भांडुपला जीकेडब्ल्यूच्या (गेस्ट कीन विल्यम्स) कारखान्यात नोकरी केली, कुर्ल्याहून सायकलने जायचे. एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गाला अजून 'आग्रा रोड'च म्हणतात. परवा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने ठाण्याला नेलं, तर म्हणाले, "हा काही माझा रस्ता नव्हे." येत्या रविवारी त्यांना त्यांच्याच रस्त्याने न्यायचंय. कधी निघू, कुठे थांबू?

भांडुपवाला काका:
पोरी, साडेसहाच्या आत शीव सोड. सुरुवात किल्ल्यापाशीच कर. शीव म्हणजे वेस, मुंबईचं बेट तिथेच संपायचं. म्हणून तर १६६९ ते १६७७ मध्ये इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. पलीकडे खाडी होती. गव्हर्नर डंकनच्या काळात तिच्यात बांध घातला, तेव्हा कुर्ल्याकडे रस्ता झाला.

कुर्ल्यात प्रीमियरच्या मोटार कारखान्याच्या जागेपाशी गाडी हळू कर. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या तिथूनच निघायच्या. विक्रोळीपर्यंत फारसं थांबू नकोस. गांधीनगरचा सिग्नल ओलांडला की मात्र बाबांना पुढच्या सीटवर बसव आणि बोलू दे. मीही याच रस्त्यावरचा कामगार. दुसरी पाळी सुटली की आम्ही सात-आठ जण सायकलींवरून एका रांगेत निघायचो. शांग्रिलाचा बिस्किट कारखाना जवळ आला की भाजलेल्या बिस्किटांचा वास यायचा, आणि पोटात काही नसलं तर तो फारच लागायचा. पावसात वास आणखी खाली उतरायचा. बोलता बोलता सगळे गप्प व्हायचे. कारखाना गेला, स्टॉपला नाव राहिलं. बाबांना विचार, त्यांना तो वास नक्की आठवेल.

मुलुंड चेकनाक्यावर आता काही अडत नाही. २०१७ च्या जुलैत जकात गेली. त्याआधी तिथे ट्रकांची रांग लागायची, ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून चहा करत बसलेले असायचे.

मुलुंडची सून:
काकांचं सगळं खरं, पण मेट्रो ४ च्या कामाने रस्ता बराच बदललाय. घाटकोपरच्या श्रेयस टॉकीजपासून मुलुंडपर्यंत मधोमध खांब आहेत. बॅरिकेड असतील तिथे मध्येच गाडी उभी करू नका, आत गल्लीत घ्या. बाबांना चालवत नसेल तर किल्ल्याच्या पायऱ्या टाळा, खालूनच बघा. शेवट मासुंदा तलावावर करा. कौपिनेश्वराचं दर्शन, मग तलावपाळीवर जरा बसा. मिसळ खायची तर मामलेदार कचेरीजवळ, पण तिखट सांभाळून.

कुर्ल्याची लेक:
जाऊन आलो. ठाण्याला पोचायला सव्वातीन तास लागले. किल्ला खालूनच पाहिला. प्रीमियरपाशी बाबा काही बोलले नाहीत. भांडुपला मात्र मला दोनदा यू-टर्न घ्यायला लावला, कारण कंपनीचं गेट नेमकं कुठे होतं ते ठरत नव्हतं. शेवटी एका टॉवरच्या कंपाउंडकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं सायकल स्टँड. माझी तिसऱ्या रांगेत." काका, बिस्किटांचं मी काढलंच नाही. शांग्रिलाच्या स्टॉपवर त्यांनी स्वतःहून काच खाली केली.

आता म्हणतात, कशेळीच्या पुलावरून भिवंडीपर्यंत जाऊ, आग्रा रोड पुढेही आहेच. तिकडचं कुणाला माहीत आहे का? सकाळी ट्रकांची गर्दी किती वाजता सुरू होते?