नियम पक्के, तरी भाकीत का चुकतं?

शंकेखोर: सूत्रात नशिबाचा भाग कुठेच नसेल, तर केऑसवाले (पक्क्या नियमांतून उपजणाऱ्या गोंधळाचा अभ्यास करणारे) ‘पुढचं सांगता येत नाही’ म्हणतात ते कशाच्या जोरावर? फुलपाखराने पंख हलवले की दूर कुठे वादळ येतं, ती गोष्ट नको, ऐकून कान किटलेत.

जुना हिशेबनीस: जन्मभर ताळेबंद जुळवलेत, त्यामुळे दशांशातलं किडूकमिडूक मला सोडवत नाही. एक्सेल उघडा. एका रकान्यात ०.३, शेजारी ०.३००००१. खाली सूत्र: ४ × वरचा आकडा × (१ − वरचा आकडा). ओढा खाली. आधी दोन्ही रकाने जुळ्या भावांसारखे. पण फरक दर ओळीला सरासरी दुप्पट होतो. विसाव्या ओळीच्या आसपास कोण कुठला, पत्ता नाही. आता ४ काढून ३.२ घाला. फरक विरतो, दोन्हीकडे ०.५१ आणि ०.८० आळीपाळीने. सूत्र तेच हो!

शंकेखोर: मग दशांश वाढवू की.

जुना हिशेबनीस: वाढवा. दहापट अचूकतेला तीन-चार ओळी जास्त मिळतील, बस्स. १९६१मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झच्या संगणकात ०.५०६१२७ हा आकडा होता, छापील कागदावर ०.५०६. हवामानाचं तेच गणित पुन्हा चालवताना त्याने कागदावरचा टाकला. दोनेक महिन्यांचं कृत्रिम हवामान पुढे सरकेपर्यंत निकाल पार वेगळा.

वाराफिरला: म्हणून तर युरोपचं हवामान केंद्र किंचित वेगळ्या ५० सुरुवाती सोबत चालवतं. सगळ्या एकीकडे गेल्या तर भरवसा, पांगल्या तर सावध.

शंकेखोर: शेअर बाजारही असाच?

जुना हिशेबनीस: तिथं सूत्र कोणाकडे आहे? टिप विकणाऱ्यांना उगाच केऑसची झूल चढवू नका.