दहावी राहिलेला भाचा: गॅरेज सोडवावं की नाही?

कृष्णाकाठ: भाचा १९ वर्षांचा. दहावीला गणित आणि विज्ञान राहिले, जुलैच्या पुरवणी परीक्षेतही राहिले. तेव्हापासून दुचाकींच्या गॅरेजात आहे. महिन्याला आठ हजार आणि अंगाला कायम पेट्रोलचा वास. ताई म्हणते, काम सोडव आणि बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भर. दाजी म्हणतात, हाताला काम लागलंय, आता कशाला परत त्या वाटेला? मी ताईच्या बाजूचा. वर्षभर घरी बसून अभ्यास केला तर काही आभाळ कोसळत नाही.

पाना_१०_१२: नका सोडवू. मी स्वतः नववी, आज दोन पोरं हाताखाली आहेत. घरी बसवलेला पोरगा अभ्यास करत नाही, मोबाईल बघतो. बसलेला हात मात्र सहा महिन्यांत जड होतो. आणि कागदाचं काय कौतुक? उद्या स्वतःचं गॅरेज टाकायचं तर केंद्राच्या पीएमईजीपी या कर्ज-अनुदान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या सेवा व्यवसायाला शिक्षणाची अट नाही, वर गेलात तरी आठवी पास पुरते. दहावी विचारतंय कोण?

खडूफळा: विचारतात हो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन बघा. एप्रिल २०२० ला धुराचा बीएस-६ नियम आला, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आता आधी बिघाड वाचणारा स्कॅनर, मग पाना.
आणि १७ नंबर त्याच्यासाठी नाहीच, तो शाळा सुटलेल्यांनी बाहेरून पहिल्यांदा बसण्यासाठी. हा बोर्डाला बसलेला आहे, म्हणजे आपल्याच शाळेतून पुनर्परीक्षार्थी. पास झालेले विषय परत द्यायचे नाहीत. उरले बीजगणित, भूमिती आणि विज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांचे. चार पेपरांसाठी वर्षभर घरी?

वायरमन_सातारा: आयटीआयला का नाही घालत? काही ट्रेडना दहावी नापासलाही प्रवेश मिळतो. मी वायरमन असाच झालो.

पाना_१०_१२: पोराचा जीव इंजिनात, तुम्ही त्याला वायरी ओढायला लावा! आणि खडूफळा सर, रात्री आठला शटर पडतं, हाताचं ग्रीस काढून जेवेपर्यंत दहा. तुम्ही बसाल का त्यानंतर भूमितीला?

खडूफळा: नाही बसणार. म्हणून मालकाशी बोला, लवकर सोडतो का बघा.

कृष्णाकाठ: काल गॅरेजात तासभर बसलो. भाचा टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या वाल्वची फट, सेट करत होता. फट मोजायच्या फिलर गेजची पाती उलगडली, एक आत सरकवली, जराशी ओढून बघितली आणि म्हणाला, "मामा, ०.१० सैल जातेय, ०.०८ लागते इथं." हा गणितात नापास! शाळेचं नाव काढल्यावर मात्र मान खाली. "त्या बारक्या पोरांत बाकावर नाही बसणार." वर्गात बसायचंच नाही, नुसते पेपर द्यायचे, म्हटल्यावर "मग बघू" एवढं तरी म्हणाला.
घरी बसवायचं मी मागे घेतो. मालकाला विचारलं, पाचला सोडाल का? म्हणाला, सोडतो, पण बाजारादिवशी नाही, आणि पगारातले दीड हजार कापीन. ताई तयार आहे. दाजी दीड हजारावर अडलेत.

पाना_१०_१२: दीड जास्त होतात. मीही कापले असते, पण हजार. तेवढ्यावर आणा मालकाला.