जिप्सीत स्पीडुइनो बसवला, पंखा लागला की टेम्परेचर पडते अन् ३००० च्या वर मिसिंग

जिप्सी_नागपूर
भाऊ लोक, मदत पाहिजे. जुनी कार्बोरेटरवाली जिप्सी, इंजिन १३०० चंच, त्यावर इंजेक्शनचा मॅनिफोल्ड चढवला, क्रँक पुलीवर ३६-१ ची चकती (३६ दातांची जागा, त्यातला एक दात गायब), ते दात ओळखणारा दोन तारांचा व्हीआर म्हणजे चुंबकवाला सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर स्पीडुइनो, हा घरी जोडता येणारा, अन् त्यात सेन्सरचा सिग्नल साफ करणारा व्हीआर कंडिशनर लावलेला आहे. वायरिंग पूर्ण घरीच केलं. गाडी चालू होते, चालते पण. लफडं असं की रेडिएटरचा पंखा लागला रे लागला की लॅपटॉपवर कूलंट ८८ वरून सरळ ७० दाखवते, पंखा बंद झाला की परत ८८, आता पाणी काही एका सेकंदात थंड होत नाही ना. त्याच वेळेस आयडल खाली-वर होते, प्लग काढून पाहिले तर काळेकुट्ट. दुसरं, ३००० आरपीएमच्या वर रेस दिली की मिसिंग मारते अन् सिंक लॉसचा आकडा (ईसीयूला क्रँकची जागा कितीदा कळली नाही तो) वाढत राहते. एक मिस्त्री म्हणून राहिले की मॅपच (ईसीयूतला पेट्रोल अन् टायमिंगचा तक्ता) चुकीचा आहे, ट्यूनिंग करून घ्या. पैसे ऐकून घरी आलो. खरंच मॅप असेल का?

वायरिंगभाऊ
मॅपला हात लावू नको बे. पंख्याच्या स्विचनं टेम्परेचर बदलते म्हणजे अर्थिंगचा घोळ, शंभर टक्के. तू सेन्सरची अर्थ बॉडीला दिली असशील, बहुतेक पंख्याच्या अर्थिंगच्याच बोल्टावर, बरोबर? पंखा दहा-बारा अँपिअर खेचते, ते सगळं त्या बोल्टातून अन् पत्र्यातून बॅटरीकडे जाते, तिथं थोडा जरी रेझिस्टन्स असला तरी त्या जागेचा व्होल्टेज ईसीयूच्या अर्थपेक्षा वर उचलला जाते. अन् गरम इंजिनवर सेन्सरचा सिग्नल असतेच किती, अर्ध्या व्होल्टच्या आसपास. त्यात पाव व्होल्ट वरून मिळाला की ईसीयूला वाटते इंजिन थंड आहे, मग तो वॉर्मअपचं जास्तीचं पेट्रोल टाकते, म्हणून प्लग काळे. नळ अन् नाली एकाच पाइपात जोडल्यासारखं झालं हे.

मोजून पहा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, काळी तार ईसीयूच्या अर्थ पिनवर, लाल तार सेन्सरच्या अर्थ तारेवर, इंजिन चालू, पंखा चालू. शून्याच्या जवळ यायला पाहिजे. नाही आलं तर कूलंट, हवेचा टेम्परेचर अन् थ्रॉटल सेन्सर, या तिघांची अर्थ बॉडीवरून काढून थेट ईसीयूच्या सेन्सर अर्थला न्यायची, दुसरी कोणतीच तार त्यात जोडायची नाही. ईसीयूची पॉवर अर्थ जाड तारेनं इंजिन ब्लॉकवर एकाच जागी, पेंट घासून काढून. अन् ब्लॉक ते बॅटरी निगेटिव्ह पट्टी पण पहा, जुन्या गाड्यांत तीच सडलेली राहते.

सिंक लॉसचं वेगळं आहे. क्रँकच्या व्हीआर सेन्सरची शील्डवाली (वरून जाळी असलेली) तार कशी टाकली? शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केली काय?

जिप्सी_नागपूर
शील्ड दोन्हीकडे जोडली आहे, एक ईसीयूला, एक इंजिनला. तार कॉइलच्या तारांसोबतच बांधून नेली, लूम म्हणजे तारांचा जुडगा साफ दिसावा म्हणून.

हिंगणा_१३००
झालं मग. शील्ड फक्त ईसीयूच्या बाजूनं अर्थ करा, दुसरं टोक कापून स्लीव्ह चढवून मोकळं सोडा, नाही तर इंजिनचा करंट शील्डमधूनच फिरून राहते अन् शील्ड असून नसल्यासारखी. कॉइल अन् इंजेक्टरच्या तारा एका बाजूनं, सेन्सरची दुसऱ्या बाजूनं, क्रॉस करायचंच असेल तर काटकोनात. प्लग पण रेझिस्टर वाले घ्या, नावात आर असते, बीपीआर६ईएस सारखे. आर नसलेले प्लग अन् व्हीआर सेन्सर म्हणजे आफतच.

एक सोपी परीक्षा सांगतो. कॉइलचे अन् इंजेक्टरचे कनेक्टर काढा, सेल्फ मारा अन् सिंक लॉस पहा. स्थिर राहिला तर दोष कॉइलच्या नॉईजमध्ये. कॉइल नसतानाही तुटत असेल तर सेन्सरच्या दोन तारा अदलाबदल करून पहा. व्हीआरची पोलॅरिटी उलटी असली की गाडी चालू पण होते, पण गायब दात भलत्याच जागी दिसते अन् आरपीएम वाढला की टायमिंग सरकते. तारा बदलल्या तर टायमिंग लाइटनं ट्रिगर अँगल (गायब दात अन् पिस्टनच्या जागेतला कोन) परत सेट करायचाच, नाही तर पिस्टनची वाट.

अन् कॉइल इग्नायटर वाल्या (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच असलेल्या) आहेत ना? स्पीडुइनो फक्त पाच व्होल्टचा इशारा देते, कॉइल थेट चालवत नाही.

संत्रा_टर्बो
काळ्या प्लगवर पीयूसीला जाऊ नका, सीओ पाहून तिथला पोरगा हसेल. अन् साध्या टेपवर विश्वास नको. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५, बोनेटखाली तर विचारूच नका, गोंद वितळून टेप सरकते अन् जोड उघडे पडतात. कापडी टेप अन् हीटश्रिंक घ्या. ब्लॉकवरच्या लगला (तारेच्या टोकाच्या बोल्टवाल्या कडीला) सोल्डर नको, चांगल्या क्रिम्पिंग टूलनं दाबा, सोल्डर केलेली तार जिथं संपते तिथंच कंपनानं तुटते. मोठं टूल महाग आहे, पण कोणाकडून मागून आणता येते.

जिप्सी_नागपूर
मोजलं. पंखा लागल्यावर ०.२८ व्होल्ट, बंद असताना जवळजवळ शून्य. तिन्ही सेन्सरची अर्थ ईसीयूला नेली, आता पंखा लागो की हेडलाइट लागो, ८८ चं ८८. कॉइल काढून सेल्फ मारला तर सिंक एकदाही तुटला नाही, म्हणजे पोलॅरिटी ठीकच वाटते. कॉइल इग्नायटर वाल्याच आहेत. शील्ड एका बाजूनं मोकळी केली, तार आता फायरवॉलच्या दुसऱ्या कडेनं नेली, ४५०० पर्यंत मिसिंग नाही.

एक राहिलं, सेल्फ मारताना ईसीयू कधीकधी रिसेट होऊन राहिला.

वायरिंगभाऊ
चाबीवरून जी तार घेतली ती अ‍ॅक्सेसरीची असेल, स्टार्टला गेली की ती कटते. ऑन अन् स्टार्ट दोन्हीत राहणारी तार शोध, तिनं फक्त रिले चालव, ईसीयूचा करंट बॅटरीवरून रिलेतून, मध्ये फ्यूज. चाबीतून थेट ईसीयू चालवायचा नाही.

जिप्सी_नागपूर
हो, अ‍ॅक्सेसरीचीच निघाली. रिले उद्या लावतो. बर्डीकडे कोणाजवळ टायमिंग लाइट आहे का, पोलॅरिटी ठीक असली तरी अँगल एकदा पाहूनच घेतो.