गेमचा सर्व्हर बंद होऊन राहिला, पैसे भरणाऱ्यांनी काय करायचं?

बुल्डी_रायडर
नागपूरचे कोणी गेमर आहेत का इथे? माझा धाकटा भाऊ फोनवर एक शूटिंगवाली गेम खेळते, स्किन (गेममधल्या पात्राचे कपडे, बंदुकीचे रंग) आणि पासमध्ये (जादा बक्षिसांचं तिकीट) यूपीआयने बरेच पैसे घातले त्याने, आणि आता उघडली की वर पिवळी पट्टी येते की सर्व्हर पुढच्या महिन्यात बंद, आणि त्याच पट्टीच्या खाली स्किनवर सूट चालू आहे अजून, म्हणजे हद्द आहे बे. ते युरोपात स्टॉप किलिंग गेम्स म्हणून, विकलेल्या गेम बंद पाडू नका अशा मागणीच्या सह्या चालू होत्या ना, तिथे आपण सही करू शकतो का? का इथेच काही करता येते?

ऑरेंज_पिंग
सही विसर भाऊ. ती मुदत 31 जुलै 2025 ला संपली, आणि फॉर्म फक्त युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठीच होता, बाहेरच्यांनी भरू नका असं तेच लोक ओरडून सांगत होते कारण खोट्या सह्या निघाल्या तर त्यांचंच नुकसान. 10 लाख पाहिजे होत्या, त्याच्या बऱ्याच वर गेल्या. पण युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनच्या कारभारी मंडळाने, कायदा केलाच पाहिजे असं काही नाही, उत्तर द्यावं लागते फक्त.
सुरुवात झाली द क्रू पासून. 2014 ची कार रेसिंग गेम, ती काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने 31 मार्च 2024 ला सर्व्हर काढला आणि एकट्याने गाडी फिरवायचा भागही गेला, कारण त्यालाही सर्व्हर लागत होता. मग रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने मोहीम काढली. पुढे द क्रू 2 ला ऑफलाइन मोड आला, म्हणजे करायचं म्हटलं तर होते.

मिहानवाला_देव
सर्व्हर कायम चालू ठेवा अशी मागणी नाहीच आहे ती, लोक हेच चुकीचं समजतात. बंद करताना गेम चालण्यासारखी ठेवून जा, एवढंच. नॉकआउट सिटी नावाच्या गेमवाल्यांनी 2023 मध्ये बंद करताना पीसीसाठी स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली.
कंपन्यांचं म्हणणं की खासगी सर्व्हरवर कोणी काही घाणेरडं टाकलं, डेटा चोरला तर आमच्यावर येईल. थोडं खरं आहे. आणि मी सर्व्हरचंच काम करतो म्हणून सांगतो, लॉगिन वेगळं, मॅचमेकिंग (खेळाडूंच्या जोड्या लावणं) वेगळं, त्यात दुसऱ्या कंपनीचा लायसन्सवाला कोड, जुन्या गेममधून हे सोडवणं म्हणजे डोक्याला ताप. पण नवीन गेमला पहिल्या दिवसापासून ठरवलं तर इतकं अवघड नाही राहत, आणि मागणी पुढच्या गेमसाठीच आहे. पैसे वाचवायचे म्हणून कोणी करत नाही, हे माझं मत.

धरमपेठी_ताई
आपण स्वतःला मालक समजतो, कागदावर मात्र किरायेदार. कॅलिफोर्नियात 2025 पासून दुकानदाराला सांगावं लागते की हे लायसन्स आहे, मालकी नाही. आपल्याकडे असं खास गेमसाठी काही माझ्या पाहण्यात नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहे ना. आधी 1915 वर, म्हणजे सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाक, फुकट आहे. त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आपण राहतो तिथेच केस टाकता येते, कंपनी कुठलीही असो, आणि 5 लाखांपर्यंत फी नाही. पूर्ण पैसे परत मिळतील असं मी म्हणणार नाही, वापरलेल्या स्किनचं अवघडच आहे. पण बंद होणार हे जाहीर केल्यावरही विकत राहिले ना, तिथे धर त्यांना. त्या पट्टीचा आणि स्किनवरच्या सवलतीचा एकाच स्क्रीनवर फोटो काढ, तारीख दिसली पाहिजे. आजच काढ, गेम गेली की पुरावाही गेला.

बुल्डी_रायडर
हाव ताई, काढला. यूपीआयच्या पावत्या पण सापडल्या. एकच लफडं, सगळे पैसे मम्मीच्या खात्यातून गेले आणि तिला माहीतच नाही. तक्रार कोणाच्या नावाने करू?

धरमपेठी_ताई
मम्मीच्या. पैसे तिचे, ग्राहक ती. आधी घरी सांगा मग 1915 लावा.

ऑरेंज_पिंग
भावाला सावजी खाऊ घाल आज, उद्यापासून काही मिळणार नाही त्याला 😂