मदत हवी आहे: बाप्तिस्मा लहानपणीच झालाय, आता मोठेपणी कम्युनियन आणि दृढीकरण घ्यायचंय (पुणे)

खराडीतला_नगरकर

नमस्कार मंडळी. पुण्यातले आणि वसईतले कॅथलिक लोक इथे बरेच दिसतात म्हणून इथेच विचारतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव राहात्याकडे, पणजोबांपासून घर कॅथलिक. माझा बाप्तिस्मा १९९३ साली गावच्या चर्चमध्ये झाला. मी दुसरीत असताना वडिलांना चाकणला कंपनीत काम लागलं आणि आम्ही सगळे इकडे आलो, राहायचो तिथून चर्च लांब, वडिलांची शिफ्ट ड्युटी आणि सुट्टी कधी मंगळवारी कधी गुरुवारी, त्यामुळे गावाला पहिल्या कम्युनियनचे (ख्रिस्तशरीर म्हणून पवित्र भाकर घेण्याच्या संस्काराचे) क्लास नुकतेच सुरू झाले होते ते तिथेच राहिले. नंतर शाळा, आयटीआय, नोकरी. घरात धर्म कधी सुटला नाही, आई रोज संध्याकाळी रोझरी घ्यायची, सगळ्या प्रार्थना मराठीत तोंडपाठ आहेत, सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायचोच. पण कम्युनियन, कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली), दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) यातलं काहीच झालेलं नाही.

आता लग्न ठरलंय. मुलगी वसईची, लग्न तिच्या धर्मग्रामात (म्हणजे तिच्या भागाच्या चर्चमध्ये), पुढच्या वर्षी ईस्टर झाल्यावर. तिकडच्या फादरांनी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला आणि दृढीकरणाचा दाखला मागितलाय.

पण मला हे नुसतं दाखल्यासाठी नाही करायचंय हो. गेली काही वर्षं मी रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही. कम्युनियनच्या वेळी सगळी रांग पुढे जाते, म्हाताऱ्या आज्या काठी टेकत जातात, शाळेतली पोरं जातात, आणि मी बाकावरच बसून राहतो. लग्नाच्या मिस्सेत बायको ख्रिस्तशरीर घेणार आणि मी बाजूला नुसता उभा, हे मला नकोय. आणि घ्यायचं तर समजून घ्यायचंय.

तर विचारायचं असं की मोठ्या माणसासाठी वेगळे क्लास असतात का, का चौथीतल्या मुलांबरोबरच बसायचं? आरसीआयए असा शब्द ऐकलाय तो माझ्यासाठी आहे का? मराठीतून शिकवणारं कुणी मिळेल का, कारण इंग्रजी कळतं मला पण प्रार्थना मराठीतच होते. आणि ईस्टरपर्यंत होईल का सगळं?

संडेस्कूल_ताई

दादा, आधी अभिनंदन. मी पुण्यातच एका चर्चमध्ये बरीच वर्षं कॅटेकिझम (धर्मशिक्षण) शिकवते, तुमच्यासारखे लोक दरवर्षी येतात, त्यामुळे आपण एकटेच असे आहोत हे मनातून काढून टाका.

आरसीआयए म्हणजे मोठ्यांना ख्रिस्ती दीक्षा देण्याचा विधी, मुळात ज्यांचा बाप्तिस्माच झालेला नाही अशा मोठ्या माणसांसाठी. आधी चौकशीचा काळ, मग शिक्षण, मग लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) पहिल्या रविवारी बिशपांसमोर निवडविधी आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत बाप्तिस्मा, दृढीकरण, कम्युनियन तिन्ही एकदम. फार जुन्या काळची ही पद्धत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ मध्ये परत नीट बसवली. तुमचा बाप्तिस्मा झालाय आणि तो आयुष्यात एकदाच होतो, त्यामुळे तुमचा क्रम वेगळा: शिक्षण, मग पहिलं कन्फेशन, मग कम्युनियन आणि दृढीकरण. काही फादर तुम्हाला आरसीआयएच्या ग्रुपमध्ये फक्त शिकायला बसवतील, त्यात वाईट काही नाही, उलट सोबत मिळते. चौथीच्या मुलांत कुणी बसवत नाही हो, काळजी करू नका. बहुतेक ठिकाणी सिस्टर किंवा कॅटेकिस्ट वेगळा वेळ काढून एकेकट्याला शिकवतात.

पण सगळ्यात आधी एक सांगा, तुम्ही खराडीत राहता तर तिथल्या धर्मग्रामात नाव नोंदवलंय का? भाड्याने राहणारे बरेच जण कधी या चर्चला कधी त्या चर्चला मिस्सेला जातात आणि नोंद कुठेच नसते, मग पत्र द्यायची वेळ आली की फादर म्हणणार मी तुम्हाला ओळखत नाही. आपल्यात धर्मग्राम राहत्या पत्त्यावरून ठरतो. ऑफिसात जाऊन फॅमिलीचा फॉर्म भरा, एकटे असाल तरी भरा, आणि तुमच्या भागातल्या एससीसीच्या (शेजारच्या कॅथलिक घरांच्या छोट्या गटाच्या) प्रार्थनेला जायला लागा.

मराठीचं म्हणाल तर क्वार्टर गेटचं सिटी चर्च आहे, पुण्यातलं सगळ्यात जुनं कॅथलिक चर्च, सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिलेल्या जागेवरचं. तिकडे, खडकीला, येरवड्याला मराठी बोलणारी आपली कुटुंबं खूप आहेत, त्यांच्यातलेच कॅटेकिस्ट असतात. शिवाय तुम्ही नगर रोडला आहात, रामवाडीची पेपल सेमिनरी, जिथे फादर व्हायचं शिक्षण देतात, ती जवळच. तिथले ब्रदर रविवारी वेगवेगळ्या चर्चमध्ये कामाला जातात, त्यात एखादा नगरचा नाहीतर वसईचा मिळून जातो. तुमच्या फादरांनाच सांगा की मला मराठीतून शिकायचंय, संकोच नका करू.

श्रीरामपूरवाला

नगरकर भाऊ, दाखल्याचं मी सांगतो, माझं यातूनच गेलंय. बाप्तिस्म्याचं रजिस्टर जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चमध्येच असतं, पुण्याच्या बिशप हाऊसला शोधत बसू नका. आपला जिल्हा आधी पुणे धर्मप्रांतात होता पण १९८७ ला नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला त्यात गेला, म्हणजे तुमचा बाप्तिस्मा नाशिकच्या हद्दीतला. गावच्या फादरांना फोन करा, जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि जमलं तर गॉडफादरचं (बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याचं) नाव सांगा. दाखला लग्नासाठी पाहिजे असं मुद्दाम सांगा, कारण लग्नासाठी सहा महिन्यांच्या आतला लागतो, आईच्या ट्रंकेतला जुना चालत नाही. कारण असं की दृढीकरण झालं, लग्न झालं की त्या रजिस्टरमध्ये तुमच्या नावासमोर शेरा लिहितात, ताज्या दाखल्यावर तो शेरा येतो आणि माणूस आधी लग्न झालेला आहे का नाही ते कळतं. म्हणून दाखला आत्ता एकदा काढा शिकायला सुरुवात करायला आणि दृढीकरण झाल्यावर परत एकदा काढा.

आणि नाव तपासा! आपल्याकडे चर्चच्या रजिस्टरात एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरंच, हे घरोघरी आहे.

खराडीतला_नगरकर

बापरे, नाव! भाऊ बरोबर बोललात. आईला आत्ताच फोन केला, रजिस्टरात अंतोन आहे आणि आधारवर संतोष. आता?

ताई, नोंदणी नाहीये माझी, या रविवारी करतो. आणखी एक विचारतो, कन्फेशनचं. एवढ्या वर्षांचं एकदम काय आणि कसं सांगायचं? लहान मुलं भाऊबहिणीशी भांडलो, खोटं बोललो एवढं सांगून मोकळी होत असतील. माझं तसं नाहीये. खरं सांगायचं तर याच एका गोष्टीमुळे मी आजवर फादरांकडे गेलो नाही.

श्रीरामपूरवाला

नावाचं टेन्शन नको. दोन्ही नावं एकाच माणसाची असं अ‍ॅफिडेव्हिट करा, सोबत शाळेचा दाखला आणि आईवडिलांची कागदपत्रं जोडा, गावचे फादर घर ओळखत असतात. आणि रजिस्टरच सापडलं नाही, उधई लागली पाण्यात गेलं वगैरे, तरी वाट बंद होत नाही, बाप्तिस्म्याला हजर असलेल्या एका विश्वासू माणसाची साक्षसुद्धा चर्चच्या कायद्यात चालते. तुमची आई आहेच की.

संडेस्कूल_ताई

दादा, कन्फेशनबद्दल निवांत लिहिते कारण अडतं ते इथेच.

लहानपणापासूनची प्रत्येक गोष्ट आठवून पाढा वाचायचा नसतो. गंभीर पापं, म्हणजे समजून उमजून, स्वतःच्या मर्जीने केलेली मोठी पापं, तेवढी कोणत्या प्रकारची आणि अंदाजे किती वेळा हे सांगायचं. दर आठवड्याला, काही वर्षं, कधीतरी, असं सांगितलं तरी चालतं. प्रामाणिकपणे आठवूनही एखादं राहून गेलं तर तेही क्षमेत येतं, पुढे कधी आठवलं तर पुढच्या वेळी सांगायचं. मुद्दाम लपवायचं मात्र नाही. बारीकसारीक तपशील, दुसऱ्यांची नावं, कुणामुळे झालं हे काही लागत नाही.

जाण्याआधी दोनचार दिवस दहा आज्ञा समोर ठेवून शांत बसा, हवं तर कागदावर लिहा आणि नंतर फाडून टाका. शनिवारी संध्याकाळच्या लाइनीत उभं राहू नका, मागे लोक ताटकळतात आणि आपण घाईत बोलतो. फादरांकडून वेगळी वेळ मागून घ्या. आत गेल्यावर पहिलंच वाक्य म्हणा, "फादर, हे माझं पहिलं कन्फेशन आहे, मला मदत करा." पुढचं ते स्वतः विचारून घेतात. मग ते प्रायश्चित्त देतील, बहुतेक प्रार्थना किंवा एखादं चांगलं काम, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची आणि ते पापमुक्ती देतात. पाठ नसेल तर कार्ड हातात धरून वाचा, कुणी काही म्हणत नाही.

आणि तिथे बोललेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, पोलिसांना नाही, बिशपांना नाही, बाहेर आल्यावर तुमच्याजवळसुद्धा तुमच्या परवानगीशिवाय तो विषय काढू शकत नाहीत. जो धर्मगुरू हे थेट फोडतो तो चर्चमधून आपोआप बहिष्कृत होतो, इतका कडक नियम आहे. मी मोठी माणसं कन्फेशनहून बाहेर येताना पाहिलीत दादा, पन्नाशीची माणसं रडत येतात आणि हलकी होऊन येतात. ज्या गोष्टीला तुम्ही घाबरताय तिच्यातच सगळ्यात जास्त मिळणार आहे तुम्हाला, हे मी अगदी मनापासून सांगते.

विमाननगर_फ्लॅट४

माझं मत वेगळं आहे. दृढीकरणाच्या मागे आत्ता लागू नका. बिशप कधी येणार, कधी तारीख मिळणार, त्यात लग्नाचा हॉल बुक झालेला. फादरांकडून पत्र घ्या, लग्न करून घ्या, बाकी नंतर सावकाश.

वसईची_माहेरवाशीण

विमाननगर, तुमचं अर्धं बरोबर आहे. चर्चचा कायदा म्हणतो की मोठी अडचण नसेल तर लग्नाआधी दृढीकरण घ्यावं, म्हणजे त्यावाचून लग्न अडेलच असं नाही. पण दादांच्या हातात ईस्टरपर्यंत वेळ आहे, अडचण काहीच नाही, आणि त्यांनी स्वतः लिहिलंय की त्यांना हे हवंय. मग कशाला टाळायचं? लग्नानंतर सावकाश म्हणणाऱ्यांचं सावकाशच राहतं, आमच्याच नात्यात बघितलंय.

दादा, एक लक्षात ठेवा. दृढीकरण बिशप देतात, नाहीतर बिशपांनी अधिकार दिलेला धर्मगुरू. आरसीआयएवाल्या नव्या लोकांना ईस्टरच्या रात्री साधे फादर देऊ शकतात पण तुम्ही मुळातले कॅथलिक, तुमच्यासाठी फादरांना बिशपांची परवानगी लागते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा की पुण्यात दृढीकरण कुठल्या चर्चमध्ये कधी आहे, आपल्या चर्चमध्ये नसेल तर फादरांच्या पत्राने दुसरीकडे घेता येतं. ईस्टरच्या भरवशावर थांबू नका, नाताळच्या आधीच तारीख ठरवून ठेवा.

विधी तसा छोटाच. बाप्तिस्म्याची वचनं परत म्हणायची, बिशप डोक्यावर हात ठेवतात आणि कपाळाला क्रिझम लावतात. पवित्र आठवड्याच्या सुमारास सगळे फादर जमतात त्या मिस्सेत बिशपांनी पवित्र केलेलं ऑलिव्ह आणि बाल्समचं तेल असतं ते. मला आजही तो वास आठवतो.

आणि लग्नाचं बाकीचं पण धरून चला: लग्नाआधीचा कोर्स, तो पुण्यात केला तरी सर्टिफिकेट वसईत सहसा चालतं पण आधी विचारून घ्या, मग तुमच्या फादरांसमोर चौकशीचा फॉर्म, मग दोन्हीकडच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत बॅन्स, म्हणजे लग्नाची घोषणा, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. लेंटमध्ये फादर लोकांना जराही वेळ नसतो, तेव्हा कागद त्याच्या आधी उरका.

खराडीतला_नगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचं कन्फेशनचं उत्तर तर मी परत परत वाचलं. गावच्या फादरांना फोन झाला, रजिस्टर आहे, पुढच्या आठवड्यात पान बघून सांगतो म्हणाले. इथल्या ऑफिसात पण जाऊन आलो, रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर फादर भेटणार आहेत.

शेवटचं विचारतो. दृढीकरणाला स्पॉन्सर (सोबत उभं राहणारं माणूस) लागतो म्हणे. माझे गॉडफादर आता हयात नाहीत. वडील चालतील का? नाहीतर होणारी बायको?

संडेस्कूल_ताई

आईवडील चालत नाहीत. बाकी सोळा वर्षं पूर्ण झालेलं, स्वतःचं दृढीकरण झालेलं, कम्युनियन घेणारं आणि चर्चच्या रीतीने राहणारं कुणीही कॅथलिक चालतं. गॉडफादर असते तर तेच सगळ्यात योग्य, पण नाहीत तर दुसरं माणूस घ्या. होणाऱ्या बायकोला नियमाने बंदी नाहीये, तरी मी तुम्हाला दुसरं कुणी घ्या म्हणेन, म्हणजे तुम्हा दोघांना मिळून विचारायला घरातलं एक मोठं माणूस राहील. मामा आहेत का? नियमित मिस्सेला जात असतील तर त्यांना विचारा, आणि त्यांच्या दृढीकरणाचा दाखला आत्ताच मागवून ठेवायला सांगा, ऑफिसात तोही मागतात.

आणि हो, कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. रविवारी फादरांना भेटून आलात की इथे लिहा, शिकवणारं कुणी मिळालं नाही तर मी आमच्या कॅटेकिस्टना विचारते.