‘देवावर विश्वास टाकला’ : म्हणजे ठेवला की सोडला?

हौदाकाठची
छापखान्याचा माणूस खोळंबलाय, म्हणून घाईत विचारते. आईला जाऊन वर्ष होतंय. चार पानी स्मरणपत्रिका काढतोय, पुण्यातल्या पंचहौदच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) उपासनेनंतर वाटायला. मजकूर माझा. त्यात एक वाक्य आहे : ‘बाबा अंथरुणाला खिळले त्या काळात आईनं देवावर विश्वास टाकला.’

अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्या मुलाचा फोन आला. ‘मॅडम, हे असंच जाऊ दे? म्हणजे आईंनी देव सोडला का?’ मावशीला वाचून दाखवलं, तर ती म्हणे अगदी बरोबर आहे, आपले जुने पाळकसाहेब उपदेशात हेच म्हणायचे. भाऊ म्हणतो, ‘ठेवला’ कर आणि मोकळी हो. पण मला ‘ठेवला’ फार गुळगुळीत वाटतं. नळाला पाणी यायच्या आत बाबांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, डबा भरायचा आणि मग ड्युटीवर पळायचं, असं तिचं चाललेलं असायचं. ‘ठेवला’ म्हटलं की ती नुसती हात जोडून बसलीय असं वाटतं.

तर ‘विश्वास टाकणे’ चालेल का? आणि दुसरा काही शब्द असेल तर तोही सांगा.

निवृत्त मुद्रितशोधक
चालेल. तुमच्या वाक्यात दुसरा अर्थ निघतच नाही. ‘देवावर विश्वास टाकला’ म्हणजे ठेवला, ‘देवावरचा विश्वास टाकला’ म्हणजे सोडला. सगळा खेळ त्या ‘चा’चा आहे. ‘टाकणे’ हे क्रियापद आधी काय येतं त्यावर रंग बदलतं. ‘जबाबदारी त्याच्यावर टाकली’ आणि ‘जबाबदारी टाकली’ यात कोणाचा गोंधळ होतो का? त्या मुलाला सांगा, अक्षरं जुळव, अर्थ आम्ही जुळवतो.

खवट सदाशिवपेठी
व्याकरण बरोबर, कान चुकीचा. ‘विश्वास टाकणे’ हे निकालाच्या दिवशीचं मराठी आहे. ‘मतदारांनी आमच्यावर विश्वास टाकला.’ गुलालाचा वास येतो त्याला. आणि मराठीत माणूस टाकतात म्हणजे काय करतात हे सांगायला हवं का? ‘नवऱ्यानं टाकलेली.’ वाचणाऱ्याच्या डोक्यात तोच अर्थ आधी येणार, ‘चा’ असो वा नसो. शोकपत्रिकेत वाचक व्याकरण सोडवत बसत नाही.

नगरी ज्वारी
सदाशिवपेठी, तुम्ही निकाल ऐकलेत, आम्ही उपदेश ऐकलेत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या देवळात जा (हो, आम्हीही देऊळच म्हणतो), ‘टाकणे’ कानावर पडणारच. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ५५ वं स्तोत्र आहे, ‘तू आपला भार परमेश्वरावर टाक’. पेत्राच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात पुन्हा, ‘सर्व चिंता टाका’. निवडणुका यायच्या कितीतरी आधीपासूनचं आहे हे.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मजुरीवरून आली की लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी थापायची. ती मिलो तिला कधी गोड लागली नाही, शेवटपर्यंत नावं ठेवायची. तिला विचारलं, कसं काढलं गं ते वर्ष? तर ‘विश्वास’ हा शब्द तिच्या तोंडी यायचाच नाही. ती म्हणायची, ‘टाकलं त्याच्यावर.’ काय टाकलं, ते नाही. कर्मच गायब. नुसतं टाकलं.

हौदाकाठची
@नगरी ज्वारी, हे फार आवडलं. पण मग ‘आईनं देवावर टाकलं’ असं छापू का? भाऊ घराबाहेर काढेल.

कोशवेडी
उशिरा आले, पण मूळ शब्दांकडे कोणी बघितलंच नाही. ‘विश्वास’ म्हणजे वि + श्वस्. त्यात श्वास आहे, मोकळा श्वास घेता येणं. ‘श्रद्धा’ म्हणजे श्रत् + धा, आणि लॅटिनमधलं ‘क्रेडो’ हे तिचंच दूरचं भावंड. म्हणजे ज्या शब्दानं ख्रिस्ती मतांगीकार (विश्वासाची कबुली) लॅटिनमध्ये सुरू होतो तो आणि आपली श्रद्धा एकाच घरातल्या. ‘भरवसा’ मला वाटतं भर + वसा, घेतलेला वसा पूर्ण भरणं.

निवृत्त मुद्रितशोधक
पहिल्या दोन मान्य. तिसरी श्रावणातल्या कहाणीतून आलेली दिसते. ‘उतू नकोस, मातू नकोस’ इतकंच राहिलं. हिंदीतल्या भरोशाला कुठला वसा?

कोशवेडी
काका, ‘मला वाटतं’ म्हटलंय.

तिरकस
‘भरवसा’ वापरायचा असेल तर म्हशीला विचारून वापरा. टोणगा ठरलेला.

वसईकर
आमच्याकडे वसईत कॅथलिक मंडळी ‘श्रद्धा’ सर्रास वापरतात. श्रद्धा, श्रद्धावंत, भाविक. नगरकडचे प्रोटेस्टंट ‘विश्वास’, ‘विश्वासणारे’ म्हणतात. तुम्ही पाळक म्हणता, आम्ही धर्मगुरू. तुमची मंडळी, आमची ख्रिस्तसभा. देव एक, शब्दकोश दोन. पुण्यात लग्नाला आलो की पहिल्या पाच मिनिटांत कळतं समोरचा कुठल्या चर्चचा ते. ताईंनी ‘श्रद्धा’ का नाही वापरली?

हौदाकाठची
कच्च्या मजकुरात होती. मावशीनं काट मारली. म्हणे, श्रद्धा असते, विश्वास ठेवावा लागतो. तिनं बरीच वर्षं संडे स्कूल घेतलंय, तिच्यापुढे कोण बोलणार.

खवट सदाशिवपेठी
मावशींचं हे वाक्य सोडलं तर या धाग्यात आतापर्यंत कामाचं काही नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. ‘श्रद्धा’, ‘भाव’, ‘निष्ठा’ असे घरचे नितळ शब्द असताना ही ‘विश्वासणारे’, ‘साक्ष देणे’, ‘मंडळी’ अशी मिशनऱ्यांनी घडवलेली भाषा कशाला? बायबलचं मराठी वाचलं की मराठीवर इस्त्री फिरवल्यासारखं वाटतं. ‘साक्ष’ कोर्टात देतात.

नगरी ज्वारी
आणि ‘भाव’ कुठे सापडतो ते माहीत आहे का? नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात : ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ इस्त्रीवाल्या बायबलमध्येच. वारकऱ्याचा ‘भाव’ जसाच्या तसा उचललाय. बिघडलं काय?

तिरकस
मंडईत लहानाचा मोठा झालो. ‘भाव ठेव’ म्हटलं की ‘कितीनं?’ असंच तोंडात येतं.

निवृत्त मुद्रितशोधक
सदाशिवपेठी, तुमच्या नितळ घरातही ‘देवावर हवाला ठेवून’ म्हणत असतीलच. हवाला अरबी. ‘देवावर सगळी भिस्त’ हेही घरचंच वाटतं ना? परका शब्द मराठीत येऊन दोन पिढ्या राबला की त्याला रेशनकार्ड द्यायचं, हा माझा नियम. ‘पगार’ पोर्तुगीज म्हणून कोणी परत केल्याचं ऐकलं नाही. आणि नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर लिहिलेली गाणी वाचा, इस्त्री कुठे दिसते? अभंगच आहेत ते. कोकणातला करजगावचा ब्राह्मण, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, भाषा थोडीच बाहेर ठेवून आत गेला!

खवट सदाशिवपेठी
टिळक अपवाद आहेत. (आणि दुसऱ्या टिळकांनी, लोकमान्यांनी, पंचहौदात मिशनऱ्यांकडे १८९० मध्ये चहा घेतला, तेव्हाही पुण्यानं शब्दांचाच कीस पाडला होता. चहा ‘घेतला’ की नुसता ‘समोर आला’, यावर.)

कोशवेडी
‘हवाला’ मला ‘टाकला’पेक्षा आवडतो. एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं. पण आता त्याला पोलिसांचा वास लागलाय, स्मरणपत्रिकेत नको. ‘हवाली केलं’ मात्र अजून स्वच्छ आहे.

चिंचेखाली
मी इथे फारशी लिहीत नाही. हा धागा वाचून राहवलं नाही.

आमचा मुलगा गेला तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर मी आणि माझे मिस्टर रात्रभर होतो. लोक येऊन म्हणत होते ‘देवावर विश्वास ठेवा’. पहाटेनंतर तेच लोक म्हणायला लागले ‘देवाची इच्छा’. दोन्ही वाक्यांत काही अंतरच नव्हतं, जणू एकाच कागदाच्या दोन बाजू. मला त्या ‘ठेवा’चा राग आजही आहे. कुठे ठेवू? माझ्या हातात काय होतं ठेवायला?

विश्वास मी टाकला. दोन्ही अर्थांनी, एकाच आठवड्यात. मुद्रितशोधककाका म्हणतात ‘चा’ आला की अर्थ बदलतो. माझ्याकडे तो ‘चा’ सकाळी असायचा, संध्याकाळी नसायचा. मार्काच्या नवव्या अध्यायात एका मुलाचा बाप ओरडून म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एकाच दमात दोन्ही. पुढे पुष्कळ दिवस तेवढीच एक ओळ मला वाचता येत होती.

आमच्या पाळकांच्या बायको तेव्हा रोज यायच्या. पोह्यांचा डबा ठेवायच्या, ओट्यावरची भांडी घासायच्या आणि जायच्या. मोठ्यानं प्रार्थना एकदाही केली नाही. त्या येत राहिल्या, म्हणून मी पुन्हा देवळात गेले. याला कुठला शब्द लावायचा ते तुम्ही ठरवा.

नगरी ज्वारी
ताई, काय बोलू. वाचून थांबलो थोडा वेळ.

वसईकर
‘देवाची इच्छा’ हे सांत्वनाला आलेल्यानं म्हणू नये, असं आमचे एक धर्मगुरू बजावून सांगायचे. ज्याचं गेलंय त्यानं म्हटलं तर ती प्रार्थना. बायबलमधला ईयोब, ज्याचं सगळं गेलं, तो स्वतः म्हणाला, ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’. तेच त्याच्या मित्रांनी म्हटलं असतं तर त्यानं खापर फेकून मारलं असतं. राखेत बसला तेव्हा होतंच त्याच्या हातात.

तिरकस
(नेहमीचा सूर बाजूला ठेवून.) ईयोबाला ‘सहनशील’ म्हणायची पद्धत आहे. पुस्तकाचे ४२ अध्याय. पहिले दोन सहनशील, तिसऱ्यात माणूस स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतोय, आणि पुढे मित्रांशी आणि देवाशी कडाक्याचं भांडण. तरी शेवटी देव त्या शहाण्या मित्रांवरच रागावतो. म्हणजे भांडणं हेही विश्वासाच्या खात्यातच जमा झालं. मी देव मानत नाही, पण हे पुस्तक मानतो.

कोशवेडी
स्तोत्रांतही रडगाणी कितीतरी आहेत. बहुतेक शेवटी सावरतात. ८८ वं सावरत नाही, ते अंधारातच संपतं. कुणीतरी ते तसंच ठेवलं, वर गोड शेवट चिकटवला नाही, याचं मला फार वाटतं.

केडगावला पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. लहान वयात दुष्काळी वणवणीत आईवडील गेलेले, पुढे नवरा गेला, १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. बायबल छापून पुरं झालं १९२४ मध्ये. सारखं मनात येतं, मुलगी गेल्यावर ‘विश्वास’ हा शब्द तपासताना त्यांनी तो कसा वाचला असेल?

खवट सदाशिवपेठी
रमाबाईंबद्दल माझे मतभेद आहेत, पण ते या धाग्यावर नको. चिंचेखाली, तुमचा प्रतिसाद वाचला. ‘ठेवा’बद्दल तुमचं बरोबर आहे. ‘टाकला’बद्दल माझं मत कायम आहे.

हौदाकाठची
सगळ्यांचे आभार. हा धागा मावशीला फोनवर वाचून दाखवला. चिंचेखालीताईंचा प्रतिसाद आला तेव्हा ती काही बोलली नाही, मग म्हणाली, तुझ्या आईनंही एकदा सहा महिने देवळात पाऊल टाकलं नव्हतं, माहीत आहे का तुला? मला माहीत नव्हतं. बाबा दुसऱ्यांदा आजारी पडले तेव्हाची गोष्ट. घरी कोणाला कळू नये म्हणून रविवारी ड्युटी मागून घ्यायची म्हणे. आता ते वाक्य ‘ठेवला’ असो की ‘टाकला’, खरं आहे का हाच प्रश्न पडलाय. छपाई पुढे ढकलली. भाऊ वैतागलाय.

निवृत्त मुद्रितशोधक
मग ‘टाकला’च ठेवा. आता तर नक्कीच.

वसईकर
की ‘सावरला’? ‘आईनं विश्वास सावरला.’

खवट सदाशिवपेठी
विश्वास सावरत नाहीत हो, तोल सावरतात. पदर सावरतात.

नगरी ज्वारी
आमच्याकडे सावरतात. ‘सावर रे देवा’ ऐकलं नाहीत?

खवट सदाशिवपेठी
तिथे देव सावरतोय. कर्ता बघा आधी.

कोशवेडी
एक अवांतर. देवघरात चांदीचे ‘टाक’ असतात ना, पूर्वजांचे, खंडोबाचे? त्याचा आणि या ‘टाकणे’चा काही संबंध? मला वाटतं ‘त्यक्त’वरून टाक...

निवृत्त मुद्रितशोधक
झालं सुरू. तो टाक ‘टंक’वरून, ठसा उमटवलेला. टाकसाळ म्हणजे टंकशाळा, तोच. ‘टाकणे’ वेगळं. आणि ‘त्यक्त’मधल्या ‘त’चा ‘ट’ कसा झाला ते आधी सांगा.

तिरकस
आमच्या आजीकडे बोरूनंतर आलेला लिहायचा टाकही होता. तो कुठला?

कोशवेडी
काका, ‘मला वाटतं’ म्हटलंय!