शब्दचर्चा : ‘जबाबदार’ ही शाबासकी की आरोप?

गावशाळा :

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत पर्यावरणाची शपथ होती. कागद वरून आलेला, वाचायचं काम माझ्याकडे. ‘हवामान बदलाला आपण सर्वजण जबाबदार आहोत’ या ओळीपर्यंत आलो आणि मागच्या रांगेतून एक बुवा उठले. साडेचार एकरांचे कास्तकार. जुलैत नाल्याला पूर आला तेव्हा त्यांची दीड एकर पऱ्हाटी (कपाशी) मातीसकट गेली. म्हणाले, ‘‘गुरुजी, वावर खरडून गेलं माह्यं, अन् जबाबदार बी मीच काय?’’ सभा हसली, सरपंचबाईंनी पुढचा विषय घेतला, शपथ अर्धीच राहिली.

मला वाटतं बुवांनी शब्द बरोबर पकडला. ‘त्यांची थोरली पोरगी फार जबाबदार आहे’ म्हटलं की ते कौतुक. ‘अपघाताला जबाबदार कोण’ म्हटलं की पोलीस पाटील आठवतो. शपथ लिहिणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असेल, पण आधीच्या शब्दाला ‘-ला’ लागला (‘अपघाताला जबाबदार’, ‘बदलाला जबाबदार’) की मराठीत आरोपच होतो. कौतुकाच्या ‘जबाबदार’आधी तसा ‘-ला’वाला शब्द लागत नाही, ते आपलं नुसतंच उभं राहतं.

हे दोन अर्थ वेगळे करणारे शब्द आपल्याकडे आहेत का? रोजच्या बोलण्यातले हवेत. ‘उत्तरदायित्व’ कृपया नको, तो शब्द ग्रामसभेच्या दारातूनच परत जातो.

फारसीचा नाद :

‘जवाब’ अरबी, ‘दार’ फारसी. जबाबदार म्हणजे ज्यानं जबाब द्यायचा तो. करणारा तोच असेल असं शब्दात कुठंच नाही. ‘जाब विचारणे’ हे त्याच घरातलं. म्हणजे तुमच्या बुवांना जाब विचारला गेला आणि त्यांनी उलटा जाब विचारला. शब्दाला धरूनच वागले म्हणायचे.

दोन शब्द सुचवतो. ‘कसूर’ अरबी, मूळ अर्थ उणेपणा, कमी पडणं. ‘जिम्मा’ही अरबी, त्यात करार आणि हमी आहे. तुमच्या विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे ‘जिम्मेदारी’ सर्रास चालते, आणि तिला आरोपाचा वास कमी आहे. ‘हे माह्या जिम्म्यावर’ म्हणजे मी अंगावर घेतलं. तेव्हा मागं जे झालं त्याला कसूर, पुढं जे करायचं त्याला जिम्मा.

गावशाळा :

जिम्मा पटला. कसूर नाही पटत. कसूर कामात होते : रात्रपाळीचा चौकीदार झोपला ती कसूर. इथं कोळसा जाळणं हेच काम होतं आणि ते चोख केलं गेलं, त्याचाच तर घोळ आहे.

कुटार :

मी शब्दकोशातला माणूस नाही, घरची गोष्ट सांगतो.

आमच्याकडं उन्हाळ्यात धुरे जाळतात. (पुण्याकडच्यांसाठी : धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. ‘पक्षाची धुरा’वाला धुरा वेगळा.) माझ्या काकानं एका सकाळी आपला धुरा पेटवला. दहा वाजता वारा फिरला आणि इस्तो (विस्तव) शेजारच्या वावरात कुटाराच्या ढिगावर जाऊन पडला. सोयाबीन अन् तुरीचं दोन बंड्या (बैलगाड्या) कुटार, ढोरांचं पावसाळ्यापर्यंतचं खाणं. पंप दूर, बकेटीनं काय विझते! दुपारपर्यंत नुसता काळा गोल उरला.

संध्याकाळी पाराजवळ बसले सगळे. काका म्हणे, ‘‘म्या काय तुह्यं कुटार जाळाले गेलतो? हवेनं नेलं.’’ खोटं नव्हतं ते. तेवढ्यात तिथं बसलेली एक आजी बोलली, ‘‘हवेचं नाव कायले घेतं? धुरा कोनाचा साफ झाला?’’

काकानं दोन बंड्या कुटार भरून दिलं. ‘चुकलो’ म्हणाला नाही आणि त्याला कोणी म्हणायलाही लावलं नाही. तेव्हा माझं म्हणणं असं की ‘दोष’ आणि ‘भरून देणे’ हे आमच्या गावात दोन वेगळे धंदे आहेत. ज्याचं साफ झालं त्यानं भरून द्यायचं. आता पुढल्या उन्हाळ्यात काकानं तेच केलं असतं तर मात्र ‘हवेनं नेलं’ चाललं नसतं, दोषही लागला असता. मोठ्या देशांचं असंच नाही का? शंभर वर्षांपूर्वी इंजिन पेटवणाऱ्याला धूर कुठं जातो ठाऊक नव्हतं, ठीक. 1992 ला रिओत हवामानाच्या करारावर बहुतेक सगळ्यांनी सह्या केल्या. त्यानंतरचा धुरा माहीत असून पेटवलेला आहे.

माजी तलाठी :

कुटार यांनी भरणाऱ्याचं बरोबर सांगितलं, पण काका जिवंत होता. इथं पेटवणारे केव्हाच गेले. आजचा तिकडचा पोरगा म्हणतो, ते माझ्या पणज्यानं केलं, माझा काय संबंध?

याला आमच्या दप्तरात शब्द आहे आणि तो मी नोकरीभर लिहिला : बोजा. सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा चढतो. कर्ज काढणारा मेला तरी बोजा मरत नाही, तो जमिनीवर असतो. वारस फेरफाराला येतो तेव्हा हमखास भांडतो, ‘‘कर्ज बुढ्यानं घेतलं, माह्या नावावर कसं?’’ अरे बाबा, तुझ्या नावावर नाही, वावराच्या नावावर आहे. वावर सोड, बोजा सुटला. पूर्वी हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य धरत. 2005 च्या दुरुस्तीनं नव्या कर्जांपुरतं ते गेलं. आता वारसाला धरतात ते जेवढं वारशात आलं तेवढ्यापुरतंच. हा न्याय मला फार चोख वाटतो. नातवाला पापी म्हणायचं नाही, आणि रस्ते-कारखाने-बँका वारशात घेऊन बोजा तेवढा नाकारायचा, हेही चालू द्यायचं नाही. औद्योगिक काळापासून आजवर कोळसा-तेल जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आपल्या अख्ख्या देशाचा तीन टक्क्यांच्या आसपास.

रिओच्या करारातला जो शब्दप्रयोग मराठीत ‘सामायिक पण विभेदित जबाबदारी’ असा छापतात, त्याचंही भाषांतर आमच्याकडे तयार आहे : सामाईक विहीर. विहीर एक, सातबाऱ्यावर एकाचा आठ आणे हिस्सा, दोघांचा चार-चार आणे. पाण्याची पाळी हिश्श्यानं, गाळ काढायचा खर्चही हिश्श्यानं. ‘विहीर सगळ्यांची, सगळे जबाबदार’ म्हणून तिघांकडून सारखी वर्गणी मागणारा माणूस मी पाहिला नाही. पाहिला असता तर तो आठ आणेवालाच निघाला असता.

जिल्हा पान :

वर्तमानपत्रात काम करतो, त्यामुळं या पापात माझाही वाटा आहे. ‘वाटा’ यावरूनच बोलतो. ‘जागतिक उत्सर्जनात श्रीमंत देशांचा सिंहाचा वाटा’ असा मथळा मी स्वतः दिलेला आहे. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मराठीत सिंहाचा वाटा आता शिकारीतला राहिलेला नाही, ‘संघाच्या विजयात कर्णधाराचा सिंहाचा वाटा’ असा तो सत्काराचा झालाय. म्हणजे मी उत्सर्जनाचा नारळ-शाल देऊन सत्कार केला. आणि आपल्या बाजूनं ‘खारीचा वाटा’ लिहिला तर सेतूच बांधल्यासारखं वाटतं! धुराला दोन्ही वाटे नकोत. ‘हिस्सा’ बरा, कोरडा आहे.

दुसरी अडचण. आंतरराष्ट्रीय बैठकांमधल्या एका जोडशब्दाचं भाषांतर आम्ही ‘हानी आणि नुकसान’ करतो. वाचणाऱ्याला वाटतं उपसंपादकाला जागा भरायची होती. मूळ अर्थात फरक असा की एक कायमचं जातं आणि दुसरं दुरुस्त होतं. तो मराठीत कसा आणायचा?

घाटंजीकडची :

फार सोपं आहे. ‘गेलं’ आणि ‘मोडलं’. वादळात आमच्या घरावरच्या टिना उडाल्या ते मोडलं, दोन दिवसांत परत ठोकल्या. त्याच वादळात निंबाखाली बांधलेला बैल विजेनं गेला. गेलं ते गेलं. नवा आणला, पण जोडीतला दुसरा त्याच्यासोबत जू ओढेना. दिवाळीपर्यंत तासात तिरपाच चालायचा.

माझं म्हणणं दुसऱ्या जोडीवर आहे : ‘मदत’ आणि ‘भरपाई’. आमच्याकडं बाया-माणसं सगळे ‘नुकसानभरपाई आली का’ असंच विचारतात. सरकारी कागदावर काय असतं पाहा : ‘मदत’, ‘निविष्ठा अनुदान’ (म्हणजे बी-खताचे पैसे), नाहीतर ‘सानुग्रह’. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह. कृपा म्हणून. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, पिकाचं 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर पात्र, पंचनामा, यादी, आधार जोडणी, आणि एवढं करून कागद म्हणतो कृपा. भरपाई हा शब्द कसा झाला बघा : भरणे आणि पावणे. एकानं भरलं, दुसरा भरून पावला, हिशेब मिटला, कोणी कोणाचे उपकार मानायचे नाहीत. मदत देणारा दाता असतो, भरपाई देणारा देणेकरी. हात दोघंही पुढं करतात, पण मदत घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. 2015 ला पॅरिस करार ज्या निर्णयानं स्वीकारला, त्याच्या 51 व्या परिच्छेदात मुद्दाम लिहून ठेवलंय की हानी-नुकसानीच्या कलमावरून कोणाचं दायित्व किंवा भरपाई निघणार नाही. 2022 ला इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत त्याच कामासाठी निधी उभारायचं ठरलं, तो ऐच्छिक. ज्याला वाटेल त्यानं घालावं. आता मला सांगा, हे ‘सानुग्रह’ नाही तर काय? कुटारवाल्या काकांना पारावर ‘तुले वाटलं तर दे’ म्हटलं असतं तर ढोरं जगली असती का?

फारसीचा नाद :

भरपाईचा मुद्दा मान्य, मी आयुष्यभर तो शब्द एकच समजत आलो. एक जोडतो. 23 जुलै 2025 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सल्ला-मत दिलं. वानुआतू या चिमुकल्या बेटराष्ट्रानं पुढाकार घेऊन तो प्रश्न तिथवर नेला होता. त्यात म्हटलंय की हवामानाबाबतचं कर्तव्य मोडणाऱ्या देशावर पूर्ण भरपाईची वेळ येऊ शकते, मात्र कृती आणि नुकसान यांचा पुरेसा थेट संबंध दाखवावा लागेल. मत बंधनकारक नाही. पण ‘भरपाई’ हा शब्द निदान दप्तरात परत आला.

कुटार :

तो ‘थेट संबंध’च अवघड आहे ना भाऊ. काकाच्या धुऱ्यापासून ढिगापर्यंत जळक्या गवताची वाट दिसत होती, पोरानं दाखवली बोटानं. धुराची वाट कोण दाखवणार?

राखेच्या गावचा :

सगळे अमेरिकेचा सातबारा काढून बसलेत म्हणून थोडं मिठाचा खडा टाकतो. मी चंद्रपूरकडचा. इकडं कोळसा, इकडंच औष्णिक केंद्रं, आणि वीज साऱ्या राज्याला. पहाटे अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर राखेची बारीक झाक बसते, झटकली तर उडत नाही, पसरते. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा देशाच्या बातम्यांत असतो, अन् आमच्या गावात कृषिपंपाची वीज रात्रीची. अमेरिकेत माणशी वर्षाला 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, भारतात साधारण 2 टन, हे मलाही माहीत आहे. पण ती सरासरी आहे. त्या दोन टनांत मॉलचा एसीपण बसला आणि तुमच्या बुवांचा एक पंखाही. ‘आपण भारतीय’ हे ‘आपण सर्वजण’सारखंच झालं की. तलाठीसाहेब, सामाईक विहिरीतला आपला हिस्सा चार आणे असेल, पण त्या चार आण्यांची पोटफोड (आतली वाटणी) कोण करणार?

आणि खरं सांगायचं तर खाणीत माझा मोठा भाऊ नोकरीला आहे. घरातली पहिली पगारी नोकरी. माझं शिक्षण त्याच कोळशावर झालं. मी ‘बळी’ की ‘जबाबदार’ हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माजी तलाठी :

पोटफोड झालीच पाहिजे. ती होत नाही तोवर मोठे खातेदार छोट्यांच्या आड उभे राहतात, हे मी प्रत्येक कर्जमाफीत पाहिलं. तुमच्या घरच्या कोळशाबद्दल मात्र मी बोजा लिहिणार नाही. पगार खाल्ला, वावर घेतलं नाही.

राखेच्या गावचा :

तुमच्या तोंडात साखर पडो. पण पगारातूनच पुढं दोन एकर घेतलं, ते कुठं लिहायचं?

गावशाळा :

चर्चा भरकटली असं कोणी म्हणू नये, मला पाहिजे ते मिळालं. शपथेची ओळ मी माझ्यापुरती बदलली : ‘हवा सामाईक आहे. ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढा बोजा त्यानं उचलावा. आमच्या हिश्श्याचं आमच्या जिम्म्यावर.’ ‘जबाबदार’ काढूनच टाकला. वरच्या कार्यालयाला चालेल की नाही माहीत नाही, फळ्यावर तर लिहिली. बुवांना वाचून दाखवली तर म्हणाले, ‘‘बरं हाय. पर ज्यानं नाई उचलला त्याले कोन इचारंल, ते बी लिहा.’’ ते लिहायला मला वाक्य सापडलं नाही.

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी पहाटे गावातली पोट्टी दारादारातल्या पळसाच्या फांद्या उचलून शिवेवर टाकायला निघाली, नेहमीसारखी बोंब ठोकत (मारबत म्हणजे गावाची पीडा शिवेबाहेर नेणारी) : ‘‘ईडा, पीडा, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!’’ यंदा कोणीतरी त्यात ‘गारपीट’ घातली, ‘बोंडअळी’ घातली, आणि सातवीतल्या एकानं माझ्याकडं बघत ‘हवामान बदल’सुद्धा. बुवा ओट्यावर दात घाशीत बसले होते. मी म्हटलं, चला, निकाल लागला, मारबत घेऊन गेली. तर ते म्हणाले, ‘‘घेऊन जाते कुठी, गुरुजी? शिवेच्या पल्याड त्याईचं गाव हाय. ते बी आत्ताच त्याईची मारबत इकडं फेकून गेले.’’